चतुःसीमा

मुहर्रकच्या नगरपालिकेत, दुसऱ्या मजल्यावर,
मी किनारा दुरुस्त करते.
सहा महिन्यांनी नवी मोजणी येते,
निळ्यावर राखाडी चढवायचं, फाइल जतन करायची.

आज हाजी मक्की आले,
प्लास्टिकच्या पिशवीत वडिलांचं खरेदीखत.
पूर्वेस गल्ली. पश्चिमेस लोहाराचं घर.
दक्षिणेस विहीर, सामाईक.
उत्तरेस समुद्र.

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली:
उत्तरेस चौपदरी रस्ता, मग पार्किंग,
मग भूखंड चारशे बारा ते चारशे नव्वद,
मग कुठे पाणी.
बदल नोंदवावा लागेल, हाजी.

त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला.
शेजारी जागा सोडून गेला
तर त्याची सही लागते म्हणालीस मागच्या खेपेला.
मग समुद्राची सही कुठाय?

बाबा सिन्नरला भूमापक होते.
मोजणीला न फिरकणाऱ्यांसाठी
त्यांचं एक ठरलेलं वाक्य असे, जांभळ्या शाईत:
लगतधारक नोटीस देऊनही गैरहजर.

शेऱ्याच्या रकान्यात तेच लिहिलं मी, मराठीत,
कुणाला वाचता येणार नाही म्हणून.
मग 'नोटीस देऊनही' एवढं खोडलं.

हाजी अजून बाकावर बसलेत,
खिडकीकडे पाठ करून.