नेमलेला दिवस

सर्वात जवळचा नातेवाईक:
या रकान्याशी हेलेद दरवेळी थांबते.
पेन माझ्या हातात. खिडकीबाहेर लानेलीचा समुद्र
ओहोटीत इतका लांब गेलेला
की नुसता चिखल चकाकतो.

"ग्वेन्डा लिही," ती म्हणते.
ग्वेन्डा म्हणजे शेजारीण.
हेलेदच्या म्हाताऱ्या कुत्र्याला फिरवते, मीटरचे आकडे कळवते,
दर गुरुवारी दोन बस बदलून येते
कोटावर कुत्र्याचे केस घेऊन.

कायदा म्हणतो: वडील.
एम्रिस. हेलेद पंधरा वर्षांची असताना
त्यांनी तिला कोळशाच्या खोलीत कोंडलं होतं,
डोकं ठिकाणावर यावं म्हणून.
आज दुपारी मी त्यांनाच फोन करीन,
ती कुठल्या वॉर्डात आहे, किती दिवस राहील, सांगेन.
माझा नाइलाज छापील आहे.

कायदा बदललाय, हेही खरं.
आपलं माणूस आपण निवडावं, असं त्यात लिहिलंय.
बातमी आली त्या दिवशी ग्वेन्डाने केक आणला होता,
आम्ही तो चमच्यांनी तोडून खाल्ला,
सुरी वॉर्डात चालत नाही.
मग कुणीतरी शेवटचं पान वाचलं:
ही कलमं मंत्री नेमतील त्या दिवशी लागू होतील.

दिवस नेमायचा राहिला.
आधी नियम हवेत, नियमांआधी मसुदा,
मसुद्यावर हरकती, हरकतींना उत्तरं,
आणि उत्तरं लिहिणारा माणूस दुसऱ्या खात्यात गेला.
आमचं प्रशिक्षण झालं, अर्धा दिवस.
विसरलो. पुन्हा होईल म्हणतात.

"लग्न ठरलंय गं, मुहूर्त तेवढा निघत नाही,"
मी एकदा हसत म्हणाले.
हेलेद हसली नाही.
"तोवर मी कुणाची?"

फॉर्मचा गठ्ठा जुनाच. खालच्या कपाटात
अजून सहा पेट्या.
संपेपर्यंत वापरा, असा वरून निरोप.
मी एम्रिस लिहिते.
अक्षर माझं सुरेख आहे, शाळेपासून;
हेलेदला ते उलट्या बाजूनेही वाचता येतं.

दाराची घंटा. आज गुरुवार.
भेटायला येणाऱ्यांची वही निराळी असते,
तीत 'रुग्णाशी नातं' हा रकाना
ज्याचा त्याने भरायचा.
ग्वेन्डा चष्मा शोधते, वाकते,
आणि नेहमीसारखं लिहिते:
दोन दारं सोडून.