मंगळवारचं चॅनेल

मंगळवारी आपामचा समुद्र सुट्टीवर असतो.
होड्या वाळूत कलून पडतात, जाळी शिवली जातात
आणि इंजिनं लोकांच्या खांद्यांवरून आमच्या दारी येतात,
चाळीस घोड्यांची, मीठ खाऊन आजारलेली.
म्हणून आमचं शूटिंग मंगळवारी.
एबो हे नावही मंगळवारचंच,
त्या दिवशी जन्मलेला माणूस बुडत नाही म्हणे.
म्हणे म्हणजे, तोच म्हणतो.

मी फोन धरते.
हाताला धुरी दिलेल्या माशांचा वास,
काचेवर माझा अंगठा उमटलेला.
फिफी म्हणतो, काकी, व्हिडिओत तुझा श्वास ऐकू येतो.
मग काय करू, घेऊ नको?

फिफी आक्राला शिकतो, त्याला सगळं ठाऊक.
पहिल्या पाच सेकंदांत माणूस लागला पाहिजे गळाला.
चित्रात तोंड उघडं हवं, डोळे मोठे
आणि एक लाल बाण.
मग एबोनं आ वासला कार्बुरेटरकडे बघून,
तीस वर्षं ओळखतो तो त्याला,
आणि चेहरा असा, जणू आतून साप निघाला.
मी इतकी हसले की भट्टीवरचे मासे करपले.
अकरा वेळा पाहिला गेला तो व्हिडिओ.
त्यातल्या चार वेळा मीच.

दोनशे चौदा सबस्क्रायबर.
एका सकाळी दोनशे तेरा.
मक्याची पेज तशीच निवली.
कोण गेलं असेल?
बारा नंबरचा पाना परत मागितला, तो?
ज्याची उधारी मी चारचौघांत काढली, तो?
उरलेल्या दोनशे तेरांचं कुणाला काही नव्हतं,
गेलेला एकच दिवसभर घरात बसून होता.
टेकडीवर डचांनी बांधलेला जुना किल्ला आहे,
त्याचं नाव सबुरी.
एबो तिकडे बघत म्हणाला,
त्यांचाही आकडा हलत नसणार.

मग तो मेन्साकडे गेला.
मेन्सा होड्यांवर वचनं रंगवतो,
‘देव जागा आहे’, ‘हसा, पण परतफेड करा’.
माझ्या भावाच्या होडीच्या कुशीवर
त्यानं चॅनेलचं नाव काढलं, निळ्यावर पिवळं,
दोन हात उंच
आणि एक अक्षर गाळून.
ते नाव शोधलं की टोगोतला एक कोंबडीवाला निघतो.
त्याचे वाढले असतील.
रंगाचे पैसे अजून द्यायचेत.

नोव्हेंबरात जोजोची होडी रात्रीची बंद पडली,
किनारा दिसेना इतक्या लांब, बारा माणसं.
मला हे त्याच्याच तोंडून कळलं,
मंगळवारी तो दारात उभा, हातात लाल मासे,
वयानं सतरा असेल नसेल.
म्हणाला, रेंज नव्हती, पण मला आठवलं,
तळाचा स्क्रू अर्धा फिरवायचा,
पाणी आधी जातं, इंधन मागून येतं.
हात थरथरत होता, स्क्रू सापडेना.
मग ती बाई आठवली, तुमच्या व्हिडिओतली, न दिसणारी,
ती कसा सावकाश श्वास घेते,
तसा घेतला.

मी चुलीकडे वळले. धूर होता.

एबोनं घसा खाकरला. सबस्क्राईब केलंस?
जोजो वाळूकडे बघू लागला.
फोन नाही माझ्याकडे, काका.
बर्फाच्या दुकानातल्या मुलाचा होता,
तोही पडला पाण्यात.

दोनशे तेरा.
मासे चांगले होते, टोमॅटोत शिजवले, तिघांनी खाल्ले.
एबोनं काटे बाजूला काढत दोनदा विचारलं,
स्क्रू अर्धाच फिरवलास ना?

पुढचा व्हिडिओ गिअरच्या तेलाचा.
फिफी म्हणतो, असलं कोण बघतं?
मी फोनची काच पुसली.
श्वास राहू दिला.