स्वखुशीने

मार्च. बारावीचा केमिस्ट्रीचा पेपर अजून व्हायचा
आणि आम्ही सावद्याच्या मंगल कार्यालयात टेबलं मांडलेली.
आजच जागा पक्की करा, निम्मी फी माफ.
अट एवढीच:
दहावीची मूळ गुणपत्रिका, जात पडताळणीचं मूळ प्रमाणपत्र
आणि एक हमीपत्र.

हमीपत्राचा मजकूर माझा.
‘मी स्वखुशीने लिहून देतो/देते की
अन्यत्र कुठेही प्रवेश घेणार नाही.’
आधी नुसतं ‘लिहून देतो’ होतं.
संचालक म्हणाले, झोपे, जरा वजन पाहिजे.
मी ‘स्वखुशीने’ घातलं.
मराठी बरी आहे माझी.

सही करणाऱ्याचं वय सतरा.
सतराव्या वर्षी मोबाइलचं सिम स्वतःच्या नावावर मिळत नाही,
चार वर्षं मात्र लिहून देता येतात.

जूनमध्ये निंभोऱ्याचा एक मुलगा आला, बापाच्या गाडीतून.
नाशिकला जागा धरलेली, पुण्याला धरलेली, इथेही.
‘काका, ते पंचवीस हजार राहू द्या तुम्हाला.’
संचालकांनी चहा मागवला.
चहा निवायच्या आत कागद त्याच्या हातात.
त्याचीही सही माझ्याच वाक्याखाली होती.

आणि आज लोचना भारंबे.
दुसऱ्या फेरीत अमरावतीचं सरकारी लागलंय.
उद्या पाचपर्यंत मूळ कागद दाखवायचे,
रात्रीची गाडी भुसावळहून.
बाप लीलाधर, मालधक्क्यावर केळीचा मापाडी,
टोपी काढून टेबलावर ठेवतो, पुन्हा उचलतो.

‘साहेब, इसार त आमच्यातबी राहतो.
व्यापारी बागात येतो, केयी पाहातो, हातावर पैसे ठेवतो.
सकाळून भाव दोनशेनं चढला तरी घड त्याचेच.
आन् उतरला तरी माल त्यालेच न्या लागतो,
नाही त इसार बुडाला त्याचा.
तुमच्या कागदात तुमचा इसार कुठी हाये?’

मी म्हणालो, निम्मी फी माफ केली ना.
‘आन् मागच्या साली पुरी फी किती व्हती?’

मागच्या सालची पुरी फी मला पाठ आहे.
यंदाच्या निम्म्याएवढीच होती.
मी पंख्याचं बटण दाबलं. वीज नव्हती.

पोरगी तोवर गप्प.
मग म्हणाली, ‘सर, सही मीच केली. कोणी हात धरला नाही.
पण तुम्ही सांगितलं, जागा संपत आल्या.
मी घाबरून केली.
त्याला काय म्हणतात, ते तुम्हीच सांगा.’

‘उद्या या’ हे दोन शब्द माझ्या जिभेवर तयारच असतात.
बावीस वर्षांत पुष्कळांना पुरलेत.
आज ते आले, टाळ्यापर्यंत आले,
आणि मी किल्ली शोधायला लागलो, जी खिशातच होती.

रजिस्टरात लिहिलं:
मूळ प्रती पडताळणीसाठी तात्पुरत्या परत.
‘तात्पुरत्या’ हाही शब्द माझाच.
तिनं प्रमाणपत्राचा कोपरा उजेडात धरून पाहिला,
बापानं पिशवीत वर्तमानपत्राची घडी पसरली,
आणि यष्टीचा हॉर्न ऐकून दोघं पळाले.
आभार मानायचे राहिले. बरं झालं.

कपाटात अजून त्रेसष्ट फाइली.
त्यातल्या कुणाला कुठे काय लागलं
ते संगणकावर दिसतं.
ती मुलं मागायला आली नाहीत.
लिहून दिलं म्हणजे दिलं, अशा घरातली.

मघाशी वीज आलीय.
यादी काढायला चार मिनिटं लागतात.
प्रिंटरात कागद नसेल, असं मी स्वतःला सांगतो.
कागद आहे.