कारणाचा रकाना

लेंगऱ्याच्या आमच्या रेशन दुकानात
बारा तारखेपर्यंत सगळे येऊन जातात.
हिंदुनाना निकम तेरा तारखेला येतात,
आपल्यापायी रांगेचा खोळंबा नको म्हणून.

आधी उजवा अंगठा.
मग तर्जनी, मग मधलं, मग डाव्या हाताची पाचही.
लिंबाची फोड चोळून झाली, कोमट पाणी झालं,
माझ्या पदराचं टोकही झालं.
मशीनमधली बाई न चिडता म्हणते, पुन्हा प्रयत्न करा.
तिला कुठं घरी जायचंय.

एक्केचाळीस वर्षं सेलमला गलाई केली नानांनी.
मुशी, टाकणखार, तेजाबाचा पिवळा धूर.
लोकांच्या बांगड्या वितळवता वितळवता
बोटांवरचं सगळं नक्षीकाम तिकडंच उतरलं.
सोन्यात घट धरायची रीत असते;
ह्या घटीची पावती कुणी दिली नाही.

तालुक्यानं डोळ्यांचं यंत्र आणलं,
तर मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं.
फोनवर आकडे येतात, पण फोन पोराचा, पोरगा सेलमला,
आणि दुपारी तो भट्टीपुढं असतो.
चेहरा ओळखणारं ॲप म्हणालं, डोळे मिचकवा.
नानांनी दोन्ही मिचकवले, उघडला एकच.
'जित्ता हाय का बघतंय व्हय गं?'
म्हणाले, आणि इतके हसले
की चेहरा चौकटीतनं बाहेर गेला.

शिबिराला आलेल्या पोराला मी विचारलं,
हे बनवताना बोटं कुणाची घेतली होती?
म्हणजे, वय काय होतं त्या बोटांचं?
बॅग आवरता आवरता तो म्हणाला,
आमच्या ऑफिसातलीच, मॅडम.

नाना तांदळाच्या पोत्याला टेकून बसले होते.
म्हणाले, 'कसोटीवर रेघ उठली न्हाई
तर आमच्यात पहिला दगूड पुसायचा, तेल लावून.
सोन्याचा संशय मागनं.'
एवढंच. तक्रारीचा सूर नव्हता.

अपवादाच्या नोंदवहीत त्या दिवशी
कारणाच्या दोन बोटं रुंद रकान्यात मी लिहिलं:
दगड पुसला. रेघ नाही. माणूस ओळखीचा.
आणि धान्य मोजलं.

तालुक्याहून लाल शाईत परत आलं:
कारण स्पष्ट करावे.

तर आज कारणाला सोबत घेऊनच
विट्याच्या नऊ चाळीसच्या एसटीत बसलेय.
कारण खिडकीशी बसलंय, कडक इस्त्रीची टोपी घालून,
नोंदवही मांडीवर धरून.
कंडक्टर आला. कार्ड मागेल म्हणून मी पिशवी चाचपली.
त्यानं नानांकडं नुसतं बघितलं,
'पंच्याहत्तरीच्या वरचं न्हवं?' म्हणाला
आणि शून्य रुपयाचं तिकीट हातात ठेवलं.

पुढच्या थांब्यापर्यंत नाना गप्प.
मग माझ्या कानाशी वाकून म्हणाले,
'ह्येचं मशीन कुठल्या कंपनीचं गं?'