खोटा ग

शुक्रवारी अंघोळीच्या वेळी दिसली,
उजव्या बरगडीखालून निघालेली, पाण्याच्या फोडांची ओळ.
शेजारच्या काळभोरांनी खिडकीतूनच सांगितलं: नागीण.
तोंड-शेपूट जुळलं की माणूस संपला म्हणाले,
आणि मंगळवार पेठेतल्या एका बाईंचा पत्ता दिला,
त्या दूर्वांच्या रसात तांदूळ वाटून लावतात.
मी आरशात पाहिलं. मणक्यापाशी सुरू, बेंबीशी थांबलेली.
अर्धीच भरली होती.
ओळ कुठे संपते, एवढं मला कळतं.

रास्ता पेठेत, अरुंद जिन्यावर, डॉक्टर नाझनीन तांबोळी.
"लहानपणी कांजिण्या आल्या होत्या?"
आल्या होत्या. अंथरुणातला कडुलिंबाचा पाला आठवतो.
"त्या गेल्याच नाहीत. मणक्याशेजारच्या गाठीत
विषाणू झोपून होता, साठ वर्षं."
मला तापापेक्षा जास्त राग आला.
पुण्यात पोटभाडेकरू राहतात असे, पण निदान दिवा तरी लावतात.

"फोड येऊन किती तास झाले?"
"तीसेक."
"बहात्तरच्या आत आलात, बरं केलंत."
आठशेची गोळी, दिवसातून पाच वेळा, सात दिवस.
सात, अकरा, तीन, सात, अकरा.

"मरतो का तो याने?"
"नाही हो. त्याची छपाई थांबते. तुम्ही काय करायचात?"
"खिळे जुळवायचो. आप्पा बळवंत चौकामागे. एकेचाळीस वर्षं."
त्या हसल्या, कागद उलटा केला आणि माझ्या भाषेत बोलू लागल्या.

त्याच्या लिपीत चारच अक्षरं. त्यातलं एक, समजा, ग.
गोळीत आहे खोटा ग.
निरोगी पेशीत तो पाकिटात बंद, बहुतेक नुसता पडून.
विषाणू जागा झाला की स्वतःच्याच हत्याराने
पाकीट फोडतो, खिळा उचलतो, ओळीत बसवतो.
दिसायला हुबेहूब. पण उजव्या अंगाला कडच नाही,
शिरोरेषा पुढे जाणार कशी?
ओळ तिथेच तुटते. पुढची प्रत निघत नाही.

मी आयुष्यभर चुकीचा खिळा शोधून चिमट्याने काढला.
आता तोच दिवसातून पाच वेळा गिळत होतो.

"पाणी भरपूर प्या," त्यांनी दोनदा बजावलं,
"नाहीतर मूत्रपिंडात याचे खडे साचतात."
प्यायलो. तरी मळमळलं, वरणाचा वास नकोसा झाला.
दुपारच्या तीनच्या गोळीला डोकं ठणकायचं.
चौथ्या रात्री पेपरातली अक्षरं हलायला लागली.
जोडाक्षरं सुटली, वेलांट्या उडाल्या.
मी सुनेला म्हणालो, फॉर्मा सैल आहे, आवळा.
ती घाबरली. रात्रीच रिक्षा, रक्त, क्रिएटिनिन.
गोळी चांगलीच होती, माझी मूत्रपिंडं जुनी होती,
औषध बाहेर पडत नव्हतं, डोक्यात साचत होतं.
तांबोळीबाईंनी हाताला सलाईन लावलं, डोस कमी केला, स्वतःलाच म्हणाल्या,
"वय पाहून आधीच तपासायला हवं होतं."
असं म्हणणारा माणूस प्रूफरीडिंगला चांगला.

तिसऱ्या दिवशी अक्षरं जागेवर आली.
खपल्या धरल्या. काळभोर जिन्यात भेटले.
"कुणाचा गुण आला शेवटी?"
"एका चुकीच्या अक्षराचा."
त्यांनी सुनेला हळूच विचारलं, अजून भ्रम आहे का म्हणून.

फोड गेले, आग राहिली.
सदरा नुसता टेकला तरी बरगडीवर कुणी
तापलेली पट्टी ठेवल्यासारखं होतं.
ही महिनाभर राहील, कदाचित वर्षभर, बाई म्हणाल्या,
त्यावर ही गोळी नाही, दुसरी आहे, तिने झोप येते.
धाकट्याला लस घ्यायला सांगा, हेही म्हणाल्या.
तळेगावला फोन केला. तो म्हणाला, बघू.

रात्री अकराला अजून जाग येते.
गोळी नाही. पेलाभर पाणी पितो.
लक्ष्मी रोडवरून एखादी स्कूटर जाते.
तो परत त्याच्या गाठीत, दिवा मालवून.
मी जागा.