शुद्धता टक्के

फॉर्मचा पाचवा रकाना : शुद्धता टक्के.
आधीचे चार भरून झाले.
नाव रेशमबाई खाती, गाव देपालपूरच्या अलीकडचं,
पीक गहू, वाण कठिया.
पाचव्यापाशी पेन अडलं.

सोमवारी ओल्या टॉवेलात
शंभर दाणे मोजून गुंडाळले होते.
शुक्रवारी उलगडलं तर एक्क्याण्णव जागे,
पांढरी मुळं एकमेकांत गुंतलेली.
नऊ झोपलेले.
त्यांना आणखी चार दिवस द्यायचे असतात.
नियमच आहे तसा. नोकरीतला हा एक नियम मला आवडतो.

उगवण उत्तम,
पण भिंगाखाली हा गहू एका घरचा वाटेना.
कुणी मधासारखा आरपार, कुणी पोटात पिठाळ.
तिनं आणलेल्या ओंब्यांच्या जुडीत
काही कुसळं काळी, काही भुरी,
दोन काड्या कमरेपर्यंत, बाकीच्या माझ्या खांद्याला.
"बाई, यात तीन-चार वाण मिसळलेत."
हे मी हिंदीत म्हटलं. ती मालवीत जे बोलली
ते मराठीत असं होईल :
"मिसळले नाहीत. नांदतात."

मग खुर्चीच्या कडेवर बसून सांगत राहिली.
माघातच ऊन तापलं त्या साली उंच गहू पोचट गेला,
काळ्या कुसळाचा भरला.
रोजडे त्याला तोंड लावत नाहीत, टोचतो.
पाऊस उशिरापर्यंत रेंगाळला त्या साली मात्र
त्यानंच मान टाकली.
"कुठल्या साली कोण कामाला येईल, मला काय ठाऊक?
म्हणून सगळ्यांनाच घरात ठेवते."
राखेत घोळून, कडुलिंबाचा पाला घालून,
कोठीचं तोंड शेणानं लिंपून.
आणि सतरा घरांत वाटून, सवाईनं.
"माझं किडलं, तर त्यांच्याकडे असेल."

रविवारी पुण्याची आतेबहीण फोनवर हसली होती.
मी विचारलं होतं, "काय करून राहिलीस?"
"वृंदे, तुझं मराठी किती भेसळीचं गं!"
मीही हसले. दुसरं काय करणार.
सात पिढ्यांपूर्वी नर्मदा ओलांडून आलेली बोली,
रामबागेतल्या ओट्यांवर, सराफ्यात, शाळेच्या रिक्षांत
जशी तगली तशी तगली.
तेव्हा हा शब्द सुचला नव्हता मला,
रेशमबाईचा.

जाताना तिनं पदराची गाठ सोडली.
"मूठभर ठेव. पुढल्या चैत्रात सव्वा मूठ दे."
मी म्हटलं, तिसऱ्या मजल्यावर राहते मी,
कुंडीत तुळससुद्धा धड जगत नाही.
"मग ज्याच्याकडे माती आहे, तो शोध,"
एवढं म्हणून ती बस धरायला निघालीसुद्धा.

चौकीदार गेंदालालनं क्वार्टरमागची पट्टी दाखवली,
पंपाच्या ओघळाजवळची, चार पावलं लांब.
सध्या तिथं फुटक्या कौलांचा ढीग आहे.
उचलायला हवा.

मंगळवारी नऊपैकी दोन जागे झाले.
पाचवा रकाना अजून कोरा आहे.
वरून फोन येईल, तेव्हा काय सांगायचं
ते ठरलेलं नाही.