आधीचा फोटो

बत्तीस वर्षं उदगीरला, देगलूर रोडवर, चेहरे काढतो.
नीटच्या फॉर्मला पांढरा पडदा, दोन्ही कान दिसले पाहिजेत.
स्थळाच्या फोटोला निळा पडदा,
आणि थोडी दया.

दया आधी पेन्सिलीची होती.
निगेटिव्ह काचेवर, खालून बल्ब,
सुईसारख्या टोकानं देवीचे वण बुजवायचो.
मग कॉम्प्युटर आला, दया सोपी झाली.

राजनंदाचं नाक मी तीनदा सरळ केलं.
सातवीत पंचमीच्या झोक्यावरून पडली,
हाड डावीकडं बसलं ते बसलंच.
पहिल्या स्थळाला थोडं, दुसऱ्याला जरा जास्त,
तिसऱ्याला इतकं, की मुलाची आई बशी खाली न ठेवता
फोटोकडं बघायची, मग तिच्याकडं, मग फोटोकडं.

आता ती चौतीसची. बँकेत कॅशियर. पैसे स्वतःचे.
बघायला येणं तिनंच बंद केलंय.
तोच फोटो घेऊन आली.
"मामा, हे नाक मला पाहिजे. माझ्यासाठी.
डॉक्टर तू बघ. तुला चेहरे कळतात."

मला चेहरे कळत नाहीत. उजेड कळतो.

लातूरला पहिलं क्लिनिक सगळं काचेचं.
भिंतभर जोड्या: आधी, नंतर.
चष्मा कपाळावर चढवून मी जवळ गेलो.
"काय बघलालास, मामा?"
सावल्या.
आधीच्या बाईवर उजेड वरून, डोळ्यांखाली खड्डे.
नंतरच्या बाईवर समोरून, मऊ; हनुवटी दोन बोटं वर,
केस धुतलेले,
आणि डाव्या गालावरचा तीळ गायब.
नाकाच्या ऑपरेशनात गालावरचा तीळ जातो?
हा हात मी ओळखतो. माझाच धंदा आहे.

पाटीवर नावापुढं अक्षरांची आगगाडी,
त्यात एकही डबा शस्त्रक्रियेचा नाही.
काउंटरवरची पोरगी म्हणाली, आज बुक केलं तर वीस टक्के सूट,
हनुवटीवर पण.
राजनंदानं हनुवटीला हात लावला.
तोवर तिला हनुवटी आहे हे तिच्या ध्यानातच नव्हतं.

दुसरीकडं विचारलं, भूल कोण देणार?
"सर आहेत ना."
कोणते सर?
हसले.
बाहेर येऊन उसाचा रस पिलो. दोघंही गप्प.

तिसरीकडं जिना. बाकावर भाजलेलं पोरगं,
मळणीयंत्रात बोट गेलेला एक माणूस.
डॉक्टर सबीहा काझींनी नोंदणीचा नंबर स्वतःच चिठ्ठीवर लिहिला,
"परिषदेत विचारून घ्या. मग बोलू."
अल्बममधले फोटो वाईट. म्हणजे चांगले.
एकच भिंत, एकच उजेड, तीळ जागच्या जागी.
एका पानावर नाक बसकं झालेलं.
"हे पण माझंच. दुसऱ्यांदा करावं लागलं. हे आधी बघा."
मी विचारलं, किती नाकं केली, कुठं करता,
रात्री श्वास अडकला तर कोण धावतं.
सगळ्याची उत्तरं दिली. एकाला म्हणाल्या, सांगता येत नाही.

मग राजनंदानं माझा फोटो पुढं सरकवला.
डॉक्टरांनी तो खिडकीकडं धरला.
"हे नाक हाडाचं नाही. कुणी केलं?"

राजनंदानं माझ्याकडं बघितलं नाही.
ही तिची दया.

"आधीचे फोटो लागतील. समोरून, दोन्ही बाजूंनी, खालून.
काहीही न करता."

रविवारी शटर अर्धं ओढलं.
ती उभी राहिली, तिच्या पावलांभोवती खडूनं रेघ मारली.
पंचवीस वर्षांत पहिल्यांदा तिचं नाक
आहे तसं काढलं.

पडद्यावर ती बराच वेळ बघत राहिली.
"इतकंच आहे?"

तारीख मिळालीय, दिवाळीनंतरची.
ती जाणार का, मी विचारलेलं नाही.
दुकानातल्या पोऱ्याला मात्र सांगून ठेवलंय,
तेवढी फरशी पुसायची नाही.